कासवाच्या पिल्लाची पाठ मऊ का पडते आणि तिच्यावर टेंगळं का येतात

जुलै संपत आला होता, आठ-दहा दिवस कोल्हापुरात ऊन म्हणून पडलं नव्हतं, पंचगंगेचं पाणी चढत होतं, आणि मी राजारामपुरीत ताईकडं गेलो तर भाच्यानं त्याचं कासवाचं पिल्लू माझ्या तळहातावर आणून ठेवलं. मे महिन्यात पुण्यातनं आणलेलं, सुलकाटा जातीचं, म्हणजे आफ्रिकेतलं जमिनीवरचं कासव. आणलं तेव्हा जुन्या ढब्बू पैशापेक्षा जरासंच मोठं होतं म्हणून नाव ठेवलं ढब्बू. मी सहज पोटाखाली अंगठा टेकवला आणि पोटाची पाटी आत गेली, पावसात भिजलेलं पुठ्ठ्याचं खोकं दाबल्यावर जातं तशी. खाली सोडलं तर ते पोट उचलून चालतच नव्हतं, फरशीवरनं घासत ओढत होतं स्वतःला. ताई म्हणाली, अरे लहान आहे अजून, बाळाची टाळू मऊ असते की नाही, तसंच असेल, होईल घट्ट.

ही टाळूची उपमा नंतर मी बऱ्याच जणांकडून ऐकली. ती अर्धी बरोबर आहे आणि म्हणूनच तिच्यानं घात होतो. अंड्यातनं नुकतं बाहेर आलेल्या पिल्लाची पाठ थोडी लवते हे खरंय, पण ती दर महिन्याला घट्ट होत गेली पाहिजे. दोन-तीन महिने झाले आणि फरक नाही, किंवा आधी घट्ट होती ती आता मऊ लागतेय, तर ते वाढीचं लक्षण नाही, आजार आहे. आणि तो पाठीचा आजार नाहीच मुळात, तो आतल्या हाडांचा आहे.

म्हणून आधी पाठ म्हणजे काय ते बघू, कारण बहुतेक चुका तिथनंच सुरू होतात. लोकांना वाटतं कवच म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखं घर, कासव आत राहतं. तसं नाही. कासवाच्या बरगड्या आणि पाठीचा कणा रुंद होऊन एकमेकांना जुळतात आणि त्यांचीच ढाल बनते. तुमच्या-माझ्या छातीचा पिंजरा बाहेरच्या बाजूला आला तर कसा असेल तसं. या हाडांवर आपल्या नखासारख्या पदार्थाचा, केराटिनचा, पातळ थर असतो, आणि फरशी घातल्यासारख्या ज्या चौकटी दिसतात त्या या थराच्या, त्यांना स्क्यूट म्हणतात. चौकटींच्या रेघा आणि खालच्या हाडांचे सांधे मुद्दाम केल्यासारखे वेगवेगळ्या ठिकाणी असतात, भिंत बांधताना गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही ना, तेच तंत्र. हाडाला रक्त आहे, मज्जातंतू आहेत, पाठीवरनं बोट फिरवलेलं कासवाला कळतं. म्हणजे पाठ हा जिवंत अवयव आहे, आणि आज वर जे दिसतंय ते गेल्या काही महिन्यांत आत जे घडलं त्याचा हिशोब आहे.

आता मऊपणा. आपल्याकडं लहान मुलांना मुडदूस व्हायचा, पाय वाकायचे, अगदी तोच प्रकार. साखळी अशी आहे की उन्हातल्या अतिनील किरणांचा एक भाग, यूव्हीबी म्हणतात तो, कातडीवर पडला की तिथं ड जीवनसत्त्व तयार व्हायला सुरुवात होते, पुढं यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाच्या रूपात आणतात, आणि ते असेल तरच आतडं खाण्यातलं कॅल्शियम उचलतं. ऊन नाही तर ड नाही, ड नाही तर कॅल्शियम कितीही घाला ते शेणातनं बाहेर. पण हृदयाला, स्नायूंना कॅल्शियम रोज लागतंच, मग शरीर ते हाडातनं काढून घ्यायला लागतं, दिवाळखोरीत माणूस घरातली भांडी विकतो तसं. आणि कासवाच्या घरातली सगळ्यात मोठी ठेव म्हणजे पाठ. म्हणून पाठ मऊ पडते, कडा वर वळायला लागतात, मागचे पाय लुळे पडतात, जबडा मऊ होतो आणि मग खाणं पण चावता येत नाही, शेवटी पाय थरथरायला लागतात. थरथर दिसली तर त्या दिवशीच डॉक्टर, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

ढब्बूचं काय झालं होतं तर भाच्यानं त्याचा टब रोज सकाळी खिडकीशी ठेवला होता, ऊन मिळावं म्हणून, अगदी मनापासून. पण काच बंद. मे महिन्यात बाहेर उष्मा, जून लागल्यावर पावसाचे सपकारे, काच उघडली म्हणून कधी नाहीच. आणि खिडकीच्या साध्या काचेतनं उजेड येतो, ऊब येते, पण यूव्हीबी जवळपास सगळं अडतं. पिल्लू उन्हात बसलेलं दिसत होतं आणि त्याच्या कातडीच्या हिशोबानं ते अंधारात होतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण पोरानं हयगय केलीच नव्हती, त्याला फक्त काचेचं कुणी सांगितलं नव्हतं. ॲक्रिलिकच्या झाकणांचं पण बहुतेक तसंच.

खरं तर कोल्हापूरला उन्हाची ददात नाही. आपण साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहोत, हिवाळ्यातसुद्धा सूर्य बऱ्यापैकी डोक्यावर येतो, त्यामुळं ऑक्टोबर ते मे सकाळचं अर्धा-पाऊण तास थेट ऊन, मध्ये काच-प्लॅस्टिक काही नाही, एवढं मिळालं तरी पिल्लाचं बरंच काम होतं. युरोपातल्या लोकांचे व्हिडीओ बघून आपण घाबरतो, त्यांचा हिवाळा वेगळा. आपली अडचण जून ते सप्टेंबर. दाट ढगांतनं यूव्हीबी फार कमी येतं, शिवाय हवा इतकी गार असते की पिल्लाला बाहेर ठेवताही येत नाही. या चार महिन्यांसाठी यूव्हीबीची खास ट्यूब घ्यायलाच लागते, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळते ती, लांब टी-५ प्रकारची असेल तर उत्तम, पाकिटावर दिलेल्या अंतरावर लावायची, मध्ये काच नको, दिवसाला दहा-बारा तास. आणि ती पेटत राहिली तरी तिच्यातलं यूव्हीबी सहा महिने ते वर्षभरात उतरतं, डोळ्याला उजेड तसाच दिसतो म्हणून आपण फसतो, तेव्हा लावल्याची तारीख ट्यूबच्या टोकाला लिहून ठेवा. घरातली ट्यूबलाइट, एलईडी, पिवळा बल्ब यातनं यूव्हीबी काहीही मिळत नाही. डास मारायच्या मशीनचा जांभळा दिवा या कामाचा नाही, आणि पाण्याच्या फिल्टरमधला यूव्ही दिवा तर अजिबात नको, तो वेगळ्या जातीचा किरण आहे, डोळे आणि कातडी जाळतो.

उन्हाळ्यातल्या उन्हाचं एक सांगतो कारण यात पिल्लं मरतात. एप्रिल-मे मध्ये गच्चीवर प्लॅस्टिकच्या टबात ठेवून आपण फोन घ्यायला खाली गेलो एवढ्यात पिल्लू भाजून निघतं. एवढ्याशा जिवाला तापायला वेळ लागत नाही. निम्म्या टबावर सावली हवीच, आणि आपण तिथंच बसायचं. घारी आणि कावळे पण असतात.

आता खाणं. ढब्बूला काकडी, टोमॅटो, मधनं मधनं चपातीचा तुकडा, केळं असं चाललं होतं आणि ते आवडीनं खायचं. पण यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त, आणि फॉस्फरस जास्त झाला की तो कॅल्शियमला कामी येऊ देत नाही. पाहिजे उलटं, कॅल्शियम निदान दुप्पट. सुलकाटाचं खरं जेवण म्हणजे गवत. आपल्याकडं फुकट मिळतं सगळं, हरळी म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, शेवग्याचा पाला, काटे काढलेली फड्या निवडुंगाची कोवळी फडी. शेवगा आणि तुतीत कॅल्शियम भरपूर आहे. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. फक्त गवत कुठनं आणताय ते बघा, उसाच्या फडाच्या बांधावरचं नको, तणनाशक मारलेलं असतं, घरच्या कुंडीत हरळी लावली तर दोन आठवड्यांत हिरवीगार होते. आणि लव्हबर्ड्सच्या पिंजऱ्यात अडकवतात तो समुद्रफेस टबात ठेवून द्या, पिल्लू पाहिजे तेव्हा कुरतडतं, जवळपास सगळं कॅल्शियमच आहे ते.

दुधाचं बोलल्याशिवाय हा विषय आपल्या गावात पुढं सरकत नाही. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीची धार काढून समोर ग्लास भरून देतात, हाडं मोडली दूध, अशक्तपणा आला दूध, त्यामुळं ताईला शेजारच्या तीन जणांनी सांगितलं होतं की त्याला चमच्यानं दूध पाजा. कासवाला दूध पचत नाही. दुधातली साखर पचवायची सोयच त्याच्या पोटात नाही, जुलाब लागतात आणि होतं नव्हतं ते पण निघून जातं. दुसरा सल्ला खायच्या चुन्याचा येतो, तो दुधापेक्षा वाईट, कारण चुन्यानं तोंड आणि अन्ननलिका आतनं भाजते. आणि तिसरी चूक म्हणजे घाईघाईनं ड जीवनसत्त्वाचं इंजेक्शन अंदाजपंचे ठोकणं, ते जास्त झालं तर कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत जाऊन साचतं. चाळीस-पन्नास ग्रॅमच्या जिवाचा डोस ग्रॅमवर ठरतो, म्हणून जाताना वजन करून जा, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो.

आता टेंगळं. काही पिल्लांची पाठ दगडासारखी घट्ट असते पण प्रत्येक चौकट वर उचलून टेकडीसारखी होते, इंग्रजीत पिरॅमिडिंग म्हणतात. आपल्याकडच्या चांदण्यांच्या नक्षीच्या स्टार कासवात थोडे उंचवटे जातीनंच असतात, पण सुलकाटाची पाठ रानात गुळगुळीत असते, त्यामुळं तिथं टेकड्या दिसल्या तर वाढवण्यात काहीतरी चुकलंय. पूर्वी सगळे म्हणायचे प्रथिनं जास्त दिल्यानं होतं. मग व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी सुलकाटाचीच ५० पिल्लं गट पाडून पाच महिन्यांची होईपर्यंत वाढवली, कुणाला कोरडी हवा कुणाला दमट, कुणाला प्रथिनं कमी कुणाला जास्त, आणि २००३ साली छापलेला निष्कर्ष असा की टेंगळांवर मोठा परिणाम हवेतल्या ओलाव्याचा होता, प्रथिनांचा अगदी किरकोळ. समजायला सोपं करायचं तर चौकटीच्या कडेला जो नवीन कोवळा थर येतो तो हवा कोरडी असली की लवकर सुकून कडक होतो, मग पुढची वाढ आडवी पसरायच्या ऐवजी वरच्या दिशेला ढकलली जाते. वाळवंटाजवळचं कासव म्हणून आपण कोरडं ठेवतो, पण तिथलं पिल्लू दिवसाचा बराच वेळ बिळात आणि झुडपाच्या मुळाशी काढतं, आणि तिथली हवा दमट असते.

म्हणजे बघा, कोल्हापुरात एकाच कासवाला दोन ऋतूंत दोन उलट्या अडचणी. फेब्रुवारी ते मे हवा कोरडी, त्यात वरनं पंखा, तेव्हा टेंगळं. जून ते सप्टेंबर हवा दमट, टेंगळांना बरी, पण ऊन नाही म्हणून मुडदूस, आणि ओल साचली की सड. एकच वेळापत्रक बारा महिने चालवणाऱ्याला यातलं काहीतरी एक गाठतंच.

उन्हाळ्यात काय करायचं तर टबात कोकोपीट आणि माती मिसळून तीन-चार इंच थर, खालचा भाग ओलसर वरचा कोरडा, एका कोपऱ्यात फुटक्या कुंडीचा अर्धा तुकडा पालथा घालून त्याच्या आत ओलं मॉस, म्हणजे पिल्लाला त्याचं बीळ मिळालं. हवेतला ओलावा सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या आसपास राहू दे, ओलावा मोजायचं छोटं डिजिटल मीटर मिळतं, अंदाज लावण्यापेक्षा ते घ्या. रोज सकाळी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवायचं, पाणी हनुवटीच्या खाली. वाळू नको, लाकडाचा भुसा नको, दोन्ही गिळतात आणि पोट तटतं. एकदा आलेलं टेंगूळ मात्र जात नाही, खालचं हाडच तसं वाढलेलं असतं. पुढची वाढ सपाट करता येते एवढंच, पण तेही पुष्कळ आहे.

आणि दमट म्हणजे चिखल नव्हे. दमट पाहिजे पण उबदार, रात्री सुद्धा २५-२६ अंशांच्या खाली उतरू देऊ नका, ऊब देणाऱ्या दिव्याखालची जागा ३५ च्या आसपास. ओल आणि गारठा एकत्र आले, वर शेण-मूत तसंच पडून राहिलं, की पोटाच्या पाटीवर जंतू किंवा बुरशी बसते. आधी एखादा फिकट डाग, मग तिथली चौकट सुटायला लागते, खाली खड्डा, नखानं मऊ लागतं, आणि वास येतो, हा वास विसरता येत नाही. पोटाची पाटी एकदम लालसर झाली असेल तर विष रक्तात गेल्याची शंका घ्यायची, ती रात्र थांबायची नाही. नाकातनं बुडबुडे आले तर छातीत सर्दी आहे, तेही गारठ्यानंच. आपल्याकडं पावसाळ्यात टब फरशीवर ठेवतात आणि फरशी बर्फासारखी असते, तेव्हा टब स्टुलावर घ्या. फरशीवर घुशी-उंदरांची पण भीती असते, झोपलेल्या पिल्लाचे पाय कुरतडतात.

घाबरायचं नाही अशा पण गोष्टी आहेत. चौकटींच्या मधे पांढुरक्या कोवळ्या रेघा दिसल्या तर ती बुरशी नाही, ती नवीन वाढ आहे, तीच बघायला तर आपण तडफडतो. काहीजण ती रेघ टूथब्रशनं घासून घासून काढतात, कृपा करून नको. बोअरच्या पाण्यानं आंघोळ घातली की पांढरे क्षार बसतात, ते ओल्या फडक्यानं निघतात. जमिनीवरचं कासव चौकटी टाकत नाही, पण पाण्यातलं, म्हणजे दुकानात मिळतं ते लाल कानाचं स्लायडर, पातळ पापुद्रे टाकतं आणि ते नॉर्मल आहे.

पाठीला खोबरेल, व्हॅसलीन, नेलपॉलिश, ऑइलपेंट काहीही लावू नका. चमक येते, बाकी काही नाही, उलट वरनं थर बसला की ऊन अडतं आणि खाली ओल कोंडते. पाठीला भोक पाडून दोरी बांधलेली कासवं मी बघितलीत. ते भोक हाडात पडतं, दुखतं त्याला. हातातनं पडून किंवा कुत्र्यानं धरून तडा गेला तर फेविक्विक, एम-सील नाही, आत घाण कोंडून सडतं. सलाइननं धुवा, स्वच्छ गॉज ठेवा, खोक्यात घालून डॉक्टरकडं. माश्या बसू देऊ नका, दोन दिवसांत अळ्या पडतात.

डॉक्टर शोधायचं आधीच करून ठेवा. आपल्याकडचे बरेच जनावरांचे डॉक्टर म्हशी आणि कुत्री बघण्यात मुरलेले, फोनवर सरळ विचारायचं की कासव बघता का आणि एक्स-रे होतो का, कारण हाडात किती जीव आहे ते एक्स-रेत कळतं. नाही म्हणाले तर राग मानू नका, कुणाकडं जायचं तेवढं विचारून घ्या. जाताना टबाचा फोटो, ट्यूबचा फोटो, गेल्या महिन्यात काय काय खायला घातलं ते खरं खरं लिहून न्या.

अजून एक, पिल्लू घ्यायच्या आधी जात बघा. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव आणि आपल्या ओढ्या-तळ्यातली कासवं पाळणं गुन्हा आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर स्टार कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तीन ते सात वर्षं शिक्षा. कुणाकडं असेल तर वनखात्याच्या १९२६ वर फोन करून सोपवा, रंकाळ्यात नेऊन सोडू नका, आजारी पिल्लू तिथं मरतं नाहीतर आजार पसरवतं. सुलकाटा परदेशी आहे, तो ठेवायचा तर २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायला लागते. आणि तो मोठेपणी चाळीस-पन्नास किलोचा होतो, माणसाएवढं जगतो, हे आणायच्या आधी घरात सगळ्यांनी मिळून बोला. लहान मुलं हाताळत असतील तर प्रत्येक वेळी साबणानं हात, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असू शकतो.

ढब्बूच्या एक्स-रेत हाडं जवळपास दिसतच नव्हती, नुसती सावली. डॉक्टरांनी ग्रॅमवर मोजून कॅल्शियम दिलं, ट्यूब आली, चपाती-काकडी बंद झाली, भाचा दर रविवारी वजन करून वहीत लिहायला लागला. ऑगस्टभर काट्यावर आकडा हललाच नाही. गणपतीत एक दिवस तो पोट उचलून चार पावलं चालला, ताईनं व्हिडीओ पाठवला, आवाजात आरतीच ऐकू येते जास्त. पाटी घट्ट व्हायला दिवाळी उलटून गेली. आज तो दोन वर्षांचा आहे, आणि त्याच्या प्रत्येक चौकटीच्या मधोमध एक छोटं, जरा वर आलेलं, खरबरीत बेट आहे, तेवढा भाग त्या पहिल्या उन्हाळा-पावसाळ्याचा, आणि त्याच्या भोवतीनं पुढची सगळी वाढ सपाट, रेघेवर रेघ. भाचा नवीन कुणी कासव दाखवायला आलं की ढब्बूला उचलून त्या बेटावर बोट ठेवतो आणि म्हणतो, हे बघ, इथपर्यंत खिडकी बंद होती.